साधेपणा कोणाचा? : पाट, घाट आणि स्वभावोक्ती

१

मराठीत ‘साधा’ हे विशेषण मोठे फसवे आहे. ‘साधा माणूस’ म्हणताना आपण स्तुती करीत असतो; ‘साधा कारकून’ म्हणताना त्याच माणसाला खाली बसवीत असतो. ‘ही साधी गोष्ट नाही’ असे म्हटले की गोष्ट मोठी होते, आणि ‘साधे पाणीही विचारले नाही’ या तक्रारीत साधेपणा ही शिष्टाचाराची अगदी तळची पायरी ठरते. फारसी ‘सादा’ला मराठीत ‘साधु’, ‘साधन’, ‘साधणे’ या संस्कृतोद्भव कुळाचा शेजार लाभला. त्यामुळे की काय, जे अलंकरणविरहित आहे ते नैतिकदृष्ट्याही चांगले असावे, असे एक सुप्त गृहीतक या शब्दाला चिकटलेले दिसते. त्याचा जोडीदार ‘सुबक’ हाही फारसीतूनच आला. तेथे त्याचा अर्थ ‘हलका’. लाकडी सामानाविषयी बोलताना ‘साधे आणि सुबक’ ही जोडी आपण सहज उच्चारतो. प्रस्तुत लेखात विचार करायचा आहे तो या जोडीचा, आणि तिच्या आड उभ्या असलेल्या एका नैतिक प्रश्नाचा.

प्रश्नाला निमित्त घडले ते असे. माझी एक विद्यार्थिनी मराठी घेऊन एम. ए. झाली आणि नंतर ही वाट सोडून फर्निचरच्या डिझाइनकडे वळली. आज तिची मुंबईत स्वतःची लहानशी कार्यशाळा आहे. नव्या कामासाठी तिला ‘प्रेरणा’ हवी होती. परदेशी मासिकांतल्या खुर्च्या पाहून कंटाळा आला आहे, तुमच्या शहापूर-मुरबाडकडची घरे दाखवा, असे तिने मला सांगितले. ‘तुमच्या’ या शब्दाला थोडा आधार आहे. पीएच. डी.च्या प्रबंधासाठी मी या दोन तालुक्यांतील वस्त्यांवर हिंडून बोलीतील शब्द गोळा केले होते. आम्ही दोन दिवस डोळखांबपासून टोकावड्यापर्यंत फिरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी एका ठाकूर वस्तीत, कारवीच्या कुडाच्या घरात, आम्हांला बसायला एक पाट मिळाला. विद्यार्थिनी त्यावर बसलीच नाही. तिने तो उचलून दारातल्या उजेडात नेला, उलटा केला, मोजला, आणि बराच वेळ त्याची छायाचित्रे घेतली. घरातल्या आजी हे सारे पाहत होत्या. त्यांनी मला विचारले, “मास्तर, काय गावलं तिला त्यात?” मी सांगितले की तिला तो फार सुंदर वाटतो, असे साधे काम शहरात कोणाला जमत नाही. आजी हसल्या. “चांगलं लाकूड गावलं असतं तं खुर्चीच नसती का केली?”

परतीच्या वाटेवर विद्यार्थिनी त्या पाटाविषयी बोलत होती आणि मी त्या वाक्याविषयी विचार करीत होतो. दुसऱ्याच्या घरातील साधेपणापासून प्रेरणा घेणे म्हणजे नेमके काय घेणे? ज्याला आपण ‘शैली’ म्हणून उचलतो ते मूळच्या जागी शैली नसून नाइलाज असेल, तर त्या उचलण्याला कोणते नाव द्यावे?

२

आधी वस्तू पाहू. सौंदर्यविचारात वस्तूवरून फार लवकर उठण्याची आपल्याला खोड आहे. पाट म्हणजे एक फळी आणि तिच्याखाली आडव्या दोन पट्ट्या. या पट्ट्या म्हणजे केवळ पाय नव्हेत. लाकूड फुगते आणि आकसते ते मुख्यतः रेषांच्या आडव्या दिशेने. लांबीत त्याच्यात जवळजवळ फरक पडत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी, जेथे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने कोरडे जातात, तेथे रुंद फळी वाकल्यावाचून राहत नाही. आडव्या पट्ट्या तिला सपाट धरून ठेवतात, सारवलेल्या जमिनीच्या ओलीपासून तिला बोटभर वर उचलतात, आणि बसणाऱ्याला पाट ओढून घेताना खाली बोटे शिरतील एवढी फट ठेवतात. जाणता सुतार या पट्ट्या खिळ्यांनी ठोकीत नाही. फळीच्या पोटात तिरक्या कडांची खाच काढून तीत पट्टी सरकवतो, म्हणजे फळीला फुगायला वाव राहतो आणि ती चिरत नाही. एका अवयवाने तीन कामे केली. चौथे काम नव्हते म्हणून चौथी रेषा नाही.

बाजेचेही तसेच. चार पाय, चार दांड्या. पायाच्या डोक्यात दोन बाजूंनी दोन कुसू येऊन बसतात, पण एकाच पातळीवर आले तर पाय पोकळ होऊन फुटेल, म्हणून एक खाच वर आणि एक खाली. काथ्या सैल पडला की पायथ्याची दोरी ओढायची. वस्तूची दुरुस्ती वस्तूतच ठेवलेली. मुसळाला खैर, कुऱ्हाडीच्या दांड्याला धामण, खांबाला ऐन, हलक्या फळीला शिवण ही निवडही रचनेचाच भाग, बहुधा मोठा भाग. धामणीचे लवचीक लाकूड घाव झेलते म्हणून दांडा बारीक करता येतो, आणि दांडा बारीक होतो म्हणून तो आपल्याला सुबक दिसतो. ‘घाट’ हा शब्द मराठी समीक्षेने भांड्यांच्या आणि दागिन्यांच्या कारागिरीतून उचलला आणि त्याला आशयाच्या समोर उभे केले. कारागिराच्या हातात मात्र घाट आणि द्रव्य इतके वेगळे कधी नव्हते.

जाता जाता शब्दांचीही नोंद करतो, तो माझा धंदाच आहे. खुर्ची अरबीतून आली, मेज फारसीतून, आलमारी पोर्तुगिजातून. ‘कपाट’ संस्कृत खरे, पण तेथे त्याचा अर्थ दाराची फळी. मराठीत दाराने सबंध वस्तूलाच आपले नाव दिले. पाट आणि खाट मात्र जुन्या वंशातल्या. ‘पाट मांडणे’ हे आदरातिथ्य आहे आणि ‘पाट लावणे’ हा पुनर्विवाह. मेजाभोवती असे सामाजिक अर्थ आपल्या भाषेत अजून जमा व्हायचे आहेत. जमिनीपासून चार बोटे उंचीवर जगणाऱ्या समाजाला सामान थोडे लागते, आणि थोड्या सामानावर अर्थाचा भार अधिक पडतो.

आणखी एक तपशील येथेच सांगितला पाहिजे. आम्ही पाहिलेल्या पाटाची एकच पट्टी मुळातली, खाचेत सरकवलेली होती. दुसरी कधीतरी मोडली असावी. तिच्या जागी कुठल्याशा खोक्याची फळी कापून खिळ्यांनी ठोकली होती. विद्यार्थिनीने छायाचित्रे घेतली ती मुळातल्या पट्टीच्या बाजूने.

३

संस्कृत साहित्यशास्त्रात या प्रश्नाचे एक जुने आणि फार सूक्ष्म रूप आहे. वस्तूचे, ती आहे तशी, यथार्थ वर्णन म्हणजे स्वभावोक्ती. ती अलंकार मानायची की नाही? भामहाने तिचा उल्लेख केला तो ‘काही जण तिला अलंकार म्हणतात’ अशा अंतर राखणाऱ्या सुरात. वक्रतेवाचून अलंकारच संभवत नाही ही त्याची भूमिका. दंडीने उलट अर्थालंकारांच्या यादीत तिला पहिले स्थान दिले. कुंतकाचा आक्षेप सर्वांत रोखठोक आहे. वस्तूचा स्वभाव हेच तर अलंकार्य, म्हणजे ज्याला सजवायचे ते शरीर. तेच अलंकार ठरले तर सजवायचे काय? आपल्याच खांद्यावर कोणाला चढता येत नाही, असा दृष्टान्त तो देतो.

ही चर्चा केवळ काव्यापुरती आहे असे आपण समजतो. पण साध्या लाकडी सामानाची सारी समस्या तीत सामावलेली आहे. आजींच्या घरातला पाट हा निव्वळ अलंकार्य आहे. त्याच्यावर बसतात, त्याच्यावर पीठ चाळतात, पाहुणा आला की तो पुढे सरकवतात. तोच पाट मुंबईतील एखाद्या घरात पांढऱ्या भिंतीपाशी, वर काही न ठेवता, एकटा मांडला की अलंकार होतो. तो खोलीला सजवतो, आणि खोलीहून अधिक, खोलीच्या मालकाला. या माणसाला भपका आवडत नाही, त्याची अभिरुची मुरलेली आहे, त्याला मातीची ओढ आहे, इतके सगळे ती मूक फळी सांगू लागते. वस्तूत कणभर बदल न होता तिचे व्याकरण बदलते. स्वभाव स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही हे खरे. पण त्याला दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवता येते.

कुंतकाला उत्तर दिले ते महिमभट्टाने. त्याच्या मते वस्तूला दोन रूपे असतात. एक सामान्य रूप, जे सर्वांच्या व्यवहारात येते आणि शब्दाने नुसते निर्दिष्ट होते; दुसरे विशिष्ट रूप, जे प्रतिभावंताच्या दृष्टीलाच प्रत्यक्ष होते. सामान्य स्वभाव अलंकार्य, विशिष्ट स्वभावाची उक्ती हा अलंकार. मला हे उत्तर आवडते, कारण ते माझ्या विद्यार्थिनीला न्याय देते. पाटाच्या पट्टीची खाच, तिच्या जाडीचे फळीशी असलेले प्रमाण, कडेला वाकसाने घेतलेला किंचित उतार हे तिने पाहिले. मी त्याच वस्त्यांत वर्षानुवर्षे हिंडूनही पाहिले नव्हते. मी ‘पाट’ हा शब्द टिपून घेतला होता, आणि त्या शब्दाचे उच्चारभेद. तिने पाटात आपल्या मनचे काही घातले नाही. होते तेच पाहिले.

परंतु महिमभट्टाने सौंदर्याचा प्रश्न सोडवला. नैतिक प्रश्न तसाच राहिला. विशिष्ट रूप पाहायला फुरसतीचे अंतर लागते, आणि ते अंतर ज्याला पाटावाचून चालते त्यालाच बहुधा मिळते. जपानमधील एक प्रसिद्ध उदाहरण याबाबतीत फार बोलके आहे. किझाएमोन या नावाने ओळखला जाणारा चहाचा वाडगा आज तेथील राष्ट्रीय ठेव्यांत गणला जातो. मुळात तो कोरियातील रोजच्या वापराचा, कोणा अनाम कुंभाराने घाईत फिरवलेला वाडगा. जपानी चहागुरूंनी त्याला उचलले आणि तो साधेपणाचा परमोच्च आदर्श झाला. लोककारागिरीच्या चळवळीचे प्रणेते यानागी सोएत्सु यांनी या वाडग्यावर भक्तिभावाने लिहिले. कोरिया जपानच्या ताब्यात असतानाही यानागी कोरियन कलेच्या बाजूने उभे राहिले, हे त्यांचे मोठेपण. तरी पुढच्या कोरियन टीकाकारांनी एक आक्षेप घेतलाच. तुम्हांला आमच्या कलेत दुःखाचे सौंदर्य दिसते, कारण आमचे दुःख तुमच्या पाहण्याच्या सोयीचे आहे. हा आक्षेप सर्वस्वी न्याय्य आहे असे मी म्हणणार नाही. पण प्रेरणा घेणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा ऐकून ठेवावा.

४

कांटने ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’च्या (१७९०) आरंभीच राजवाड्याचे उदाहरण घेतले आहे. हा वाडा सुंदर आहे काय, असे कोणी विचारले, तर रूसोसारखा मी म्हणू शकतो की गरिबांच्या घामातून उभारलेल्या या डामडौलाचा मला तिटकारा आहे. ते सारे मान्य. पण प्रश्न तो नव्हता, असे कांटचे म्हणणे. सौंदर्यनिर्णयात वस्तूच्या अस्तित्वाशी, म्हणून तिच्या उत्पत्तीच्या नैतिकतेशीही, आपला हितसंबंध नसतो. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे (१९७४) कांटची ही भूमिका आणि तिच्यातील ताण मराठी अभ्यासकाला चांगले परिचित आहेत. या न्यायाने पाटाच्या सौंदर्याचा निर्णय करताना आजींचे वाक्य गैरलागू ठरते. लाकूड का मिळाले नाही हा इतिहासाचा प्रश्न झाला. फळी सुंदर आहे की नाही हा वेगळा.

तो इतिहास थोडक्यात असा. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली आणि १८६५ पर्यंत थळ घाट चढून गेली. आसनगाव, आटगाव, खर्डी ही शहापूर तालुक्यातील स्थानके याच मार्गावरची. वाढत्या मुंबईला इमारती लाकूड, जळण आणि कोळसा हवा होता, रेल्वेला स्लीपर. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलाची कल्पना पक्की झाली. भाताच्या रोपासाठी फांद्या-पाला जमिनीवर जाळून राब करण्याची येथील शेतीची जुनी पद्धत एकाएकी गुन्ह्याच्या सीमेवर जाऊन उभी राहिली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. १८९२ मध्ये तानसा धरण पुरे झाले आणि शहापूरचे पाणीही लाकडाच्या वाटेने मुंबईला निघाले. जंगलठेकेदारांच्या कुपात आदिवासी जे लाकूड तोडीत होते ते त्यांचे नव्हते. कित्येकदा तोडण्याची मजुरीही त्यांची नव्हती. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली आणि त्यानंतर उत्तरेकडील तालुक्यांत वेठीविरुद्ध उठाव झाला. तो गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मुळे (१९७०) आपल्या वाङ्मयाचा भाग झाला आहे. पुढे १९६९ मध्ये महाराष्ट्राला एक खास कायदा करावा लागला. आदिवासी खातेदाराच्या स्वतःच्या जमिनीवरील झाडे व्यापारी कवडीमोलाने नेत, म्हणून त्या विक्रीवर सरकारी देखरेख आली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी दिली. त्यात बांबू आहे. इमारती लाकूड नाही.

म्हणजे ज्या डोंगरांतून शतकभर साग खाली उतरला, तेथल्या घरात खुर्चीपुरता साग उरला नाही. आजींच्या हसण्यामागे एवढा ऐवज होता. अर्थात त्या हे सारे मनात धरून बोलल्या असे नव्हे.

आता कांटकडे परत येऊ. राजवाड्याबाबत त्याचे म्हणणे मला पटते. घाम वाड्याच्या रेषांत दिसत नाही. तो आपल्याला बाहेरून कळतो. पण पाटाच्या बाबतीत इतिहास बाहेर नाही. फळी अरुंद आहे, कारण रुंद फळीचे झाड मिळाले नाही. पट्टी आखूड आहे, कारण तुकडा तेवढाच होता. उंची चार बोटे आहे, कारण उंच वस्तूला पायांचे लाकूड लागते. ज्या ‘काटकसरीच्या रेषे’ची आपण वाखाणणी करतो ती टंचाईनेच आखली आहे. कांटच्याच परिभाषेत हे परायत्त सौंदर्य आहे. वस्तू काय आहे आणि कशासाठी आहे ही संकल्पना त्यात गृहीत असते. आणि ‘कशासाठी’ बरोबर ‘कशातून’ हेही त्या संकल्पनेत येते असे मला वाटते. तसे असेल तर टंचाईचे भान ठेवणे हे आस्वादात नीतीची घुसखोरी करणे नव्हे. ते घाट नीट वाचणे आहे.

५

येथपर्यंत आलो आणि माझेच विवेचन मला अपुरे वाटू लागले. साधेपणा म्हणजे अभाव, एवढेच म्हणून थांबलो असतो तर मी आजींवर वेगळ्या प्रकारचा अन्याय केला असता. ज्यांच्याजवळ नसते त्यांना निवडताही येत नाही, असे गृहीत धरण्याचा अन्याय.

त्याच पट्ट्यात, रानाच्या कडेला, वाघोबा असतो. कोठे तो शेंदूर लावलेला दगड असतो, तर कोठे लाकडावर कोरलेला वाघ. अशा लाकडांवर वाघाच्या वर सूर्य आणि चंद्रही कोरलेले आढळतात. थोडे उत्तरेला वारल्यांच्या घरी लग्नात सुवासिनी कुडाच्या भिंतीवर पांढऱ्या पिठाने देवचौक काढीत. तो इतका नक्षीदार की त्याच भिंतीवरून पुढे एक जगप्रसिद्ध चित्रशैली जन्मली. म्हणजे हाताला नक्षी येत होती. वाघाच्या पाठीवर पट्टे काढणाऱ्या हत्याराला पाटाच्या कडेवर वेलबुट्टी काढता आली नसती काय? काढली नाही. देवाच्या लाकडाला कोरीव काम आणि बसायच्या लाकडाला नाही, हा भेद द्रव्याच्या टंचाईतून निघत नाही. तो निर्णय आहे. क्षेमेंद्राने ज्याला औचित्य म्हटले तेच हे. मेखला गळ्यात आणि हार कमरेला घातला तर हसे होते, कारण अलंकारालाही आपली जागा असते. पाटाला अलंकार नाही, कारण पाट ही त्याची जागा नव्हे.

तेव्हा त्या एका वस्तूत अभाव आणि औचित्य असे दोन साधेपणे एकमेकांत गुंतलेले आहेत. आजींच्या वाक्यात पहिला होता. दुसरा त्यांच्या घरातील कोणाच्या तरी हातात होता आणि त्याविषयी कोणी त्यांना विचारले नव्हते. मीही नाही. तिसराही एक साधेपणा आपल्या परिचयाचा आहे, तो त्यागाचा. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले. तेथील कुटी माती, बांबू, कौले अशा जवळपासच्या द्रव्याची, आणि आत जमिनीवरची बैठक. पाहणारा तेथेही भारावतो. पण त्या कुटीचे तेज ती नाकारू शकलेल्या गोष्टींतून येते. ज्याला खुर्ची मिळू शकते त्याचे जमिनीवर बसणे हे विधान असते. ज्याला मिळू शकत नाही त्याचे बसणे विधान नसते, आणि ते विधान आहे असे आपण परस्पर ठरवणे हा वाचनाचा दोष आहे.

हा दोष फक्त फर्निचरवाल्यांचा असता तर या नियतकालिकात लिहिण्याचे कारण नव्हते. मराठी समीक्षेने तो मोठ्या प्रमाणावर केला आहे. ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हापासून ‘सहज’, ‘अकृत्रिम’, ‘आपोआप स्फुरलेले’ ही विशेषणे त्या कवितेला चिकटली आहेत. ओवीची मोडणी, प्रतिमेची निवड, शेवटच्या चरणातला वळसा हे सारे रचलेले आहे, हे मान्य करायला आपल्याला बराच काळ लागला. ‘बलुतं’ (१९७८) आणि ‘उपरा’ (१९८०) यांच्यानंतर आलेल्या आत्मकथनांविषयी किती परीक्षणांत ‘साधी, सरळ, प्रांजळ निवेदनशैली’ हे शब्द आले असतील! हेतू चांगलाच होता. पण ‘अकृत्रिम’ म्हणजे कृती नसलेले. ज्याच्या लेखनाला आपण अकृत्रिम म्हणतो, त्याने काय गाळले, कोठे थांबला, कोणता शब्द जाणूनबुजून बोलीत ठेवला, या साऱ्या निर्णयांचे श्रेय आपण त्याच्याकडून काढून घेतो आणि त्याच्या परिस्थितीला देऊन टाकतो. तो केवळ अनुभवाचा धनी, आणि घाट? तो म्हणे आपोआप झाला. पाटाला ‘किती साधा!’ म्हणणाऱ्या कौतुकात नेमके हेच घडते. करणारा नाहीसा होतो आणि साधेपणा तेवढा रानातल्या फळासारखा झाडावर लटकत राहतो, कोणीही तोडावा असा.

६

मग प्रेरणा घेऊच नये काय? तसे मला वाटत नाही. पाटाच्या आकारावर कोणाची मालकी सांगता येणार नाही; तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी झिजत आलेला आहे आणि आणखी एका हाताने त्याचे काही बिघडत नाही. सोवळेपणाने दूर राहणे हाही शेवटी दुर्लक्षाचाच एक प्रकार. फरक पडतो तो काय घेतले यावरून. आकार घेतला आणि त्याची बंधने मागे ठेवली, तर हाती अलंकार येतो. परदेशी कारखान्यात परिपूर्ण सागाच्या रुंद फळीतून कापलेला ‘आदिवासी’ पाट हे त्याचे उदाहरण होईल. टंचाईचा घाट सुबत्तेच्या द्रव्यात. बंधने घेतली, म्हणजे जवळचे लाकूड, लहान तुकडा, खिळ्यावाचून सांधा, मोडल्यावर गावातच होणारी दुरुस्ती, तर आकार कदाचित अगदी निराळा निघेल. तरीही ते घेणे अधिक प्रामाणिक असेल. आकाराचे साम्य ही ऋणाची खूण नव्हे.

विद्यार्थिनीशी या विषयावर माझा वाद झाला. तिने मला चंडीगढच्या खुर्च्यांची आठवण दिली. पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली १९५० च्या दशकात तेथील कचेऱ्यांसाठी साग आणि वेत यांच्या खुर्च्या तयार झाल्या. त्या अनेक स्थानिक सुतारांनी केल्या. पुढे मोडक्या म्हणून अंगणात ढीग लागले आणि भंगारात विकल्या गेल्या. मग त्याच पाश्चात्त्य लिलावांत प्रचंड किमतीला जाऊ लागल्या, आणि २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला हा वारसा विकू नये असा आदेश काढावा लागला. तिचा मुद्दा असा : लिलावाच्या सूचीत जानरे यांचे नाव असते, सुतारांची नसतात, पण जानरे नसते तर त्या खुर्च्याही नसत्या. पाहणाऱ्याला तुम्ही चोर ठरवता, सर, आणि करणाऱ्याला संत. दोन्ही खोटे. हा मुद्दा माझ्या विवेचनाला लागतो हे मी मान्य करतो. माझे उत्तर एवढेच की सूचीत जागा भरपूर असते.

तिने अखेर जी बैठक तयार केली ती पाटासारखी दिसत नाही. ती वीतभर उंच आहे, शिवणीच्या अरुंद तीन पट्ट्या जोडून केलेली, खाली आडव्या दोन, तिरक्या खाचेत सरकवलेल्या. काम मुरबाड तालुक्यातल्याच एका सुताराकडे दिले. त्यांनी खाचेचा कोन बदलायला लावला, कारण तिने काढलेल्या कोनात शिवणीची कड तुटली असती. किंमत मी येथे लिहीत नाही. आजींनाही आम्ही ती सांगितली नाही, हे मात्र नोंदवले पाहिजे. एक बैठक त्यांच्याकडे पोचवली; त्यांनी ती उलटी करून पाहिली, पट्टी बोटाने ढकलून पाहिली, आणि नातवाला अभ्यासाला दिली.

या साऱ्यात माझी बाजूही स्वच्छ नाही. घरी आल्यावर मी माझा प्रबंध काढून पाहिला. परिशिष्टात या दोन तालुक्यांतून गोळा केलेले शब्द आहेत, अर्थांसह, उच्चारभेदांसह. ते कोणी सांगितले ते ‘स्त्री, वय अंदाजे साठ’ आणि ‘पुरुष, वय पंचेचाळीस’ असे दिले आहे. त्या वेळी ती शास्त्रीय पद्धत होती, आणि माहिती देणाऱ्याच्या खासगीपणाचा विचार करता आजही तिचे समर्थन करता येते. पण ती नावे गुप्त राखावीत असे त्यांनी मला सांगितले नव्हते. मी विचारलेच नव्हते.

विद्यार्थिनीने तिच्या सूचीपत्रासाठी माझ्याकडे चार ओळी मागितल्या. बैठकीचे नाव ‘मुरबाड’ ठेवायचे तिच्या मनात होते. मी दीड पान पाठवले. त्यात लाकूड, सांधा, राब, रेल्वे, १९६९ चा कायदा, वाघोबा असे सर्व होते. तिने दूरध्वनी करून सांगितले की इतके कोणी वाचणार नाही. छापून आलेल्या सूचीपत्रात मापे आहेत, ‘शिवण’ हे नाव आहे, मोडल्यास पट्टी बदलून मिळेल असे आश्वासन आहे, आणि खाली, लहान अक्षरांत, त्या सुतारांचे नाव व गाव त्यांच्या संमतीने दिले आहे. बैठकीला ‘मुरबाड’ हे नाव ठेवलेले नाही. नुसता क्रमांक आहे.